मूठभर कोंड्याची खरेदी

मुनशीचाचांना पाणी दिलं की ते घाईनं पीत नसत. सावकाश, डोळे मिटून पीत. पेला रिकामा झाला की झटकून ओसरीच्या कडेला पालथा ठेवत, कोटाच्या खिशात हात घालत आणि एक फुटाणा काढून पालथ्या पेल्याच्या बुडावर ठेवत. एकच. मग पाणी देणाऱ्याकडे बघून विचारत, "मोबदला पोचला. तक्रार न्हाई ना?"

तक्रार नाही असं ऐकल्याशिवाय ते उठत नसत. एकदा माझी मावशी आली होती, तिला ही रीत ठाऊक नव्हती. तिनं लाजून काही उत्तरच दिलं नाही. चाचा ऊन उतरेपर्यंत ओसरीवर बसून राहिले. शेवटी आईनं आतून ओरडून सांगितलं, "न्हाई हो तिची तक्रार! जावा आता!"

भोरात सगळे त्यांना मोबदला मुनशी म्हणत. संस्थानच्या कचेरीसमोर चिंचेखाली त्यांची बैठक होती. एक सतरंजी, उतरती पेटी, दौत आणि टाक. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, ज्याला जे हवं ते लिहून देत. घर आमच्या समोरच, मधे फक्त बोळ. घरात ते एकटे. काळा कोट भर उन्हाळ्यातही अंगावर असे, कारण फुटाणे कोटात असत. त्यांचा पेला आमच्या ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. ते मुसलमान, आम्ही कुणबी, तेव्हा तशी रीत होती. त्यांना त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटलं तरी ते बोलून दाखवत नसत.

त्यांच्या हिशेबी जगात दोनच जातीच्या गोष्टी होत्या. एक मोबदल्याच्या, दुसऱ्या वाऱ्यावरच्या. ज्याच्या बदल्यात काही दिलं ती गोष्ट आपली. फुकट मिळालं ते वाऱ्यावरचं, कधीही उडून जाईल. वैद्याकडून चूर्ण आणलं तर त्याच्या उंबऱ्यावर फुटाणा. न्हाव्यानं हजामतीबरोबर गावातली एखादी बातमी सांगितली तर बातमीचा वेगळा फुटाणा. एका म्हातारीनं "शंभर वर्सं जगा" असा आशीर्वाद दिला, तर तिच्यामागं बाजारभर धावत जाऊन तिच्या हातावर फुटाणा ठेवला आणि म्हणाले, "घे बाई, फुकटचा आशीर्वाद लागू व्हत न्हाई."

बोळातल्या पोरांनी याचा धंदा केला. सकाळी चाचा बाहेर पडले की रांग लावून "सलाम चाचा, सलाम चाचा" सुरू. प्रत्येक सलामाला फुटाणा. एक पोरगं तर बोळाच्या दुसऱ्या तोंडाला पळत जाऊन तिथंही सलाम करी. दुपारपर्यंत कोट रिकामा. चाचांनी दोन-चार दिवस विचार केला आणि एका सकाळी पेटी खाली ठेवून पोरांना निवाडा ऐकवला.

"म्या सलाम मागितला व्हता का?"

पोरांनी माना हलवल्या.

"न मागता केलेल्या कामाला मोबदला न्हाई. तुमी राजीखुशीनं केलं, तुमचं तुमच्यापाशी. आता म्या एकाला सांगनार सलाम कर म्हणून. त्याचाच फुटाणा."

तेव्हापासून ते रोज एका पोराला बोट दाखवून "तू कर" म्हणत, आणि ते पोरगं दिवसभर ऐटीत फिरे.

आमच्या आईवर मात्र ते खूश होते. आम्ही काही गोडधोड केलं की आई वाटीत घालून त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवी. ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. शिजवलेलं आम्ही त्यांच्याकडचं घेणार नाही हे माहीत असल्यामुळं ते वाटीत कोरडं काहीतरी घालत, गुळाचा खडा, चार खारका. आईही कुणाचं भांडं रिकामं परत करीत नसे. चाचा म्हणत, "वैनी, कचेरीतल्या लोकांस्नी कायदा पाठ करावा लागतो. तुमा बायांच्या हातातच हाय त्यो."

"कायदा कसला भावजी, रिकामं भांडं परत देणं बरं दिसत न्हाई येवढंच."

"त्योच कायदा."

एकदा आईबरोबर बाजारात गेले असताना मी चिंचेखाली थोडा वेळ थांबले होते. वेल्ह्याकडची एक म्हातारी आपलं खाचर भाचीच्या नावानं करून द्यायला आली होती. चाचांनी टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "मोबदला काय?"

"काय न्हाई. माजी भाची हाय."

"काय न्हाई म्हंजे वाऱ्यावरचं. काहीतरी सांग."

"माझा जीव हाय तिच्यावर. आनि काय सांगू?"

चाचांनी टाक खाली ठेवला. म्हातारीकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "हाय, त्याला बी एक कलम हाय. जवळचं नातं पाहिजे, माया पाहिजे, अन् लिहून नोंदवलेलं पाहिजे. मंग मोबदला लागत न्हाई. पर तिन्ही एका जागी आलेलं म्या अजून पाह्यलं न्हाई. तुझंच पयलं." आणि त्यांनी त्या दस्ताची लिहिणावळ घेतली नाही. म्हणजे घेतली, पण तिच्या डोक्यावरच्या पाटीतली एक काकडी घेतली.

साऱ्या भोराला फुटाणे मिळत, मला मात्र कधी मिळाला नाही. मी पाणी दिलं तर चाचा पेला पालथा घालत आणि तसेच उठून जात. लहानपणी मी यावरून रडले आहे. मी आईकडं तक्रार केली तेव्हा आईनं ती त्यांच्यापर्यंत पोचवली. ते हसले. "आपल्याच मालाकडनं पाणी घेतलं, त्याला मोबदला कुनी देतं व्हय?"

आपला माल म्हणजे मी. त्यांनी मला विकत घेतलं होतं.

माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती. एक पाळण्यात, दोन पाळण्यात घालायच्याही आधी. आमच्याकडं अशा वेळी मूल विकायची रीत आहे. जन्मल्याबरोबर सुपात कोंडा पसरून त्यावर मूल निजवायचं, दुसऱ्या घरच्या माणसानं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं आणि मग आईकडं सांभाळायला परत द्यायचं. म्हणजे ज्याची दृष्ट आहे त्याला वाटावं, हे मूल या घरचं नाहीच. मुलगा झाला तर कोंडाजी, मुलगी झाली तर कोंडाबाई. माझी आजी म्हणाली होती की पोरीसाठी कशाला एवढं. आईनं ऐकलं नाही. ती बाळंतिणीच्या खाटेवरूनच म्हणाली, "समोरच्या मुनशींना बोलवा."

घेणारा माणूस एरवी मूठ टाकतो, हसतो आणि जातो. चाचा कोट घालून आले. सुपापाशी बसले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना विचारलं, "सखाराम, राजीखुशीनं देतोस?"

"व्हय."

"कुनाचा दाब न्हाई?"

"आवो टाका की मूठ! पोर उघडी पडलीया," सुईण ओरडली.

त्यांनी मूठ टाकली. "मोबदला पोचला. तक्रार न्हाई ना?" असं आबांना विचारलं, आईला विचारलं, आणि मग सुपात वाकून मलाही विचारलं. मी तेव्हा रडले, असं सुईण सगळ्यांना सांगे. चाचांचं म्हणणं होतं की मी रडले नाही, हुंकार दिला.

मूठभर कोंड्यात पोर मिळाली म्हणून लोकांनी त्यांची थट्टा केली. ते म्हणत, "मोबदला किती हे कायदा बघत न्हाई. हाय का न्हाई येवढंच बघतो." दर दिवाळीला ते आईला नारळ देत आणि त्याला राखणावळ म्हणत. आपली चीज दुसऱ्याकडं अनामत ठेवली की राखणाराला काही द्यावं लागतं, असा त्यांचा हिशेब. मी सात वर्षांची झाले तेव्हा चाचा आबांना म्हणाले, "अनामत खराब व्हऊ द्यायची न्हाई. शाळेत घाल." अशी मी चौथीपर्यंत शिकले. पुढं आबांनी ऐकलं नाही, आणि पाचवीला मुलींची सोयही नव्हती.

हे सगळं वेड कुठून आलं ते आईला ठाऊक होतं. मी मोठी झाल्यावर तिनं सांगितलं. मानमोडीच्या साथीत चाचांची बायको आणि दोन लेकरं एका आठवड्यात गेली. मातीला माणसं मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी एकट्यानं सगळं केलं. त्यानंतर कधीतरी आई त्यांना म्हणाली होती, "देवाची मर्जी भावजी." त्यावर चाचा म्हणाले, "फुकट दिली व्हती वैनी, फुकट नेली. काही मोबदला दिला असता, तर दावा तरी लावला असता."

कोटात फुटाणे त्यानंतर आले.

मी बारा-तेरा वर्षांची असताना आबा बैल बघायला वेल्ह्याकडं गेले होते. विंझरच्या अलीकडं बांधावरून चालताना त्यांना साप डसला. तिथल्या धनाजीराव नावाच्या एका बड्या शेतकऱ्यानं त्यांना आपल्या घोड्यावर घातलं, मांत्रिकाकडं नेलं, घरी ठेवून घेतलं. आबा वाचले. निघताना आबांनी त्यांचे पाय धरले आणि म्हणाले, "मागाल त्ये देईन."

भातलावणी उरकल्यावर धनाजीरावांचा माणूस आला. त्यांनी मला मागितलं होतं.

धनाजीराव चाळिशीच्या पुढचे. त्यांच्या दोन बायका झाल्या होत्या आणि दोघी घरामागच्या विहिरीत पाय घसरून गेल्या होत्या. आई चुलीपुढं बसून म्हणाली, "दोन बायांचा पाय एकाच हिरीत घसरतो व्हय?"

आबा म्हणाले, "शबुद दिलाय."

त्यापुढं ते काही बोलत नसत. जेवतानाही बोलत नसत. आबा वाईट माणूस नव्हते. ज्यानं जीव वाचवला त्याला दिलेला शब्द मोडून त्यांना जगता आलं नसतं, आणि तो पाळून माझं काय होईल हेही त्यांना दिसत होतं. म्हणून ते कुणाकडं बघत नसत.

आई बोळ ओलांडून गेली. तिनं चाचांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. चाचा लगेच आमच्या ओसरीवर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सखाराम, तू त्याला म्हणाला व्हतास का, मला वाचव म्हणून?"

"म्या बेसुद व्हतो."

"म्हंजे न मागता केलं. अन् शबुद दिलास त्यो मागनं. काम आधी, बोली मागनं. असल्या बोलीला मोबदला न्हाई. वाऱ्यावरची बोली ती."

आबा ताडकन उठले. "माझा जीव म्हंजे पोरांचा सलाम हाय व्हय रं मुनशी? फुटाना देऊ त्याला?"

चाचांना हे लागलं. ते खाली बसले. हळू म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती बोली. पर पोर माझी हाय. तू कोन द्यायला?"

आबा पहिल्यांदा हसल्यासारखे झाले. मला वाटलं आता सुटले. पण आबा म्हणाले, "त्ये धनाजीरावास्नी सांग."

चाचांनी खरंच निरोप धाडला. मुलगी माझ्या खरेदीची आहे, माझ्या सहीशिवाय कुणाला देता येणार नाही.

आठवड्यानं धनाजीराव गाडी जुंपून आले. बरोबर चार माणसं आणि त्यांचे मेहुणे. मेहुणे पुण्यात एका वकिलाकडं कारकून होते, मनगटावर घड्याळ होतं. ओसरी भरली, बोळातली माणसंही पायरीशी जमली. मी आणि आई आत दाराआड उभ्या होतो. फटीतून मला आधी धनाजीरावांचे जोडे दिसले आणि चाचांचा कोट, मग पायरीवरची माणसं आणि आबा.

धनाजीरावांनी गाडीतून पोतं आणायला सांगितलं. ते ओसरीवर टाकलं तशी धूळ उडाली.

"मुनशी, मूठभर कोंड्याला घेतली न्हवं? ह्ये घ्या पोतंभर. लगनाच्या आदी पोर परत घ्यायची रीत हायच की."

सगळे हसले. चाचा म्हणाले, "इकायची न्हाई."

"दोन पोती?"

"इकायची न्हाई म्हनलं."

हसू थांबलं. धनाजीराव आबांकडं वळून म्हणाले, "बरं हाय तुमचं भोर. कुनब्याची पोर मुसलमानानं अडवून धरायची अन् बापानं बघत बसायचं."

पायरीवरच्या माणसांत जरा हालचाल झाली. त्यांतले बरेचजण चाचांकडून दस्त लिहून घेणारे होते, पण आता त्यांची तोंडं वेगळी दिसत होती. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या. आबांची मान खालीच होती.

मग कारकून मेहुणे बोलले. त्यांना हे प्रकरण संपवायचं होतं. "मुनशी, तुम्ही दस्त लिहिता, एवढंही तुम्हाला माहीत नाही? माणूस म्हणजे माल नव्हे. माणसाचा सौदाच होत नाही. मोबदला मूठभर असो नाहीतर गाडीभर. असा सौदा मुळातच रद्द. कचेरीत गेलात तर उलट तुमच्यावरच शेकेल."

चाचा बराच वेळ गप्प राहिले. सगळ्यांना वाटलं त्यांना उत्तर सुचत नाही. मला आता वाटतं, उत्तर त्यांना लगेच सुचलं असावं. ते द्यायचं की नाही, याला वेळ लागला.

"साहेब," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हना. मागच्यांस्नी ऐकू आलं न्हाई."

"माणसाचा सौदा होत नाही! मुळात रद्द!"

"मोबदला काय बी असू दे?"

"काहीही असू दे!"

"सगळ्यांनी ऐकलं? धनाजीराव, तुमी ऐकलं? तुमचेच पावणे हायती, पुन्याचं शिकलेलं." चाचा आबांकडं वळले. "सखाराम, मंग कोंड्याच्या बदल्यात पोर देता येत न्हाई, तशी सापाचं इख उतरवल्याच्या बदल्यात बी देता येत न्हाई. माझी खरेदी रद्द. तुझी बोली बी रद्द. तू शबुद मोडला न्हाईस. मोडायला त्यो जुळलाच न्हवता."

आबांनी मान वर केली.

मेहुणे म्हणाले, "अहो, लग्न म्हणजे सौदा नव्हे—"

"न्हाई ना?" चाचा म्हणाले. "मंग उपकार कशाला मोजता? ऱ्हाऊ द्या उपकार उपकारापाशी. अन् नुसती पोर मागा. सखाराम, नुसती मागितली तर देशील?"

आबांनी आम्ही उभ्या होतो त्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई."

एवढा एकच शब्द. आई खाली बसली.

धनाजीराव उठले. "विंझरला पोरींचा दुष्काळ न्हाई," म्हणाले. पोतं परत गाडीत घालायला सांगितलं. गाडी बोळाबाहेर जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग माणसं पांगली. कुणी चाचांना शाबास म्हटलं नाही, कुणी राम राम केला नाही.

चाचा मात्र बसून होते. दाराकडं न बघता म्हणाले, "वैनी, सौदा रद्द झाला म्हंजे ज्याचं त्यानं परत करायचं असतं. माझा कोंडा."

आईला कळेना. "भावजी, आवो, त्ये आता कशाला..."

"आना. कायदा हाय."

आईनं कणगीशेजारच्या टोपलीतला मूठभर कोंडा आणला. चाचांनी रुमाल पसरला. थोडा कोंडा बाहेर सांडला, तोही त्यांनी बोटानं गोळा केला आणि गाठ मारली. "भरून पावलो," म्हणाले. "माझी तक्रार न्हाई." आणि बोळ ओलांडून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे कचेरीत जाताना ओसरीवर टेकले. मी कोनाड्यातला पेला घेऊन पाणी दिलं. ते डोळे मिटून प्याले. पेला पालथा ठेवला. मग खिशात हात घातला आणि एक फुटाणा काढून पेल्याच्या बुडावर ठेवला.

"मोबदला पोचला. तक्रार न्हाई ना?"

जन्मभर मला तो फुटाणा हवा होता. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. आईनंही आतून काही सांगितलं नाही. ते माझ्याकडं न बघता, बोळाकडं बघत वाट पाहत राहिले. शेवटी मी "न्हाई" म्हणाले, तेव्हा ते उठले. तो फुटाणा मी तोंडात टाकला. चावला गेला नाही, तसाच गिळला.

पुढं रोज फुटाणा. दिवाळीचा नारळ बंद झाला, राखणावळ द्यायला आता त्यांची कसली अनामत होती? मला हाक मारायचे ते "कोंडे" म्हणून, आता "सखारामाची पोर" म्हणू लागले. चिंचेखालची गिऱ्हाइकं काही महिने दुसऱ्या मुनशीकडं गेली, मग हळूहळू परत आली. आबा आणि चाचा बोलत नव्हते. वैर नव्हतं. दोघांना सुरुवात करता येत नव्हती एवढंच.

धनाजीरावांनी त्याच साली लग्न केलं. पानशेतकडच्या खोऱ्यातली मुलगी होती, माझ्याच वयाची. नाव हौसा. मी तिला कधी पाहिलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर बाजारात बातमी आली की विंझरच्या त्या विहिरीत तिचाही पाय घसरला.

ते ऐकून आबा बाजारातून घरी न येता समोर गेले आणि चाचांच्या पायरीवर बसले. डोक्यावरचं ओझंही उतरवलं नव्हतं, आईनं जाऊन उतरवलं. चाचा बाहेर आले, शेजारी बसले. मग चाचा म्हणाले, "तिच्यासाठी कुनी मूठभर कोंडा टाकला न्हवता."

आबा रडायला लागले. चाचांनी खिशातून फुटाणा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"ह्यो कशाचा?"

"येऊन बसलास त्याचा."

सोळाव्या वर्षी शिवरे गावच्या एका घरी माझं लग्न झालं. माणसं बरी आहेत. लग्नात चाचा मांडवाबाहेर लिंबाखाली उभे होते. माझ्या नवऱ्यानं त्यांना नमस्कार केला तर त्यालाही फुटाणा मिळाला. तो आजही ती गोष्ट सांगून हसतो.

मी माहेरी आले की चाचांना पाणी द्यायचं माझ्याकडं असे. पाणी, पालथा पेला, फुटाणा, तक्रार नाही. मग संस्थान जायच्या गोष्टी सुरू झाल्या. भोर आता सरकारात जाणार, असं सगळे म्हणत. चाचा प्रत्येकाला विचारत, "पर मोबदला काय ठरला?"

त्याच सुमारास ते अंथरुणाला लागले. मी दिवाळीला आले तेव्हा आई म्हणाली, "समोर जाऊन ये. इचारत्यात." मी कोनाड्यातला पेला भरून घेऊन गेले. चाचा भिंतीला टेकून पडले होते. कोट खुंटीला होता. त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते, फार लहान दिसत होते. मी मानेखाली हात घालून पाणी पाजलं. त्यांनी पेला माझ्या हातून घेतला आणि जमिनीवर पालथा ठेवला.

मी वाट पाहिली. त्यांचा हात पांघरुणातच राहिला. मला वाटलं उठवत नसेल, म्हणून मी खुंटीवरचा कोट काढून त्यांच्याजवळ नेला. खिशात फुटाण्यांशेजारी रुमालाची एक गाठ हाताला लागली. ती मी सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"चाचा, मोबदला?"

"लागत न्हाई. त्ये कलम हाय न्हवं." त्यांना धाप लागली, थांबले. "म्हातारीचं. भाचीवालीचं."

मी पालथ्या पेल्याकडं बघत बसले. बुड रिकामं होतं.

"पर त्ये लिहून नोंदवायला लागतं," ते म्हणाले. "माझा हात आता चालत न्हाई. तू चौथी शिकलीस ना, कोंडे?"

"व्हय."

"मंग झालं."

मी शिवऱ्याला परतले आणि मागोमाग ते गेल्याचा निरोप आला.

चाचांनी सांगितलं तसं लिहून ठेवलं आहे. नोंदवायचं कुठं, ते सांगणारे तेच होते.